जुनी छऱ्याची बंदूक उघडायची कशी: वॉशर, स्प्रिंग आणि बाकीचे झिजलेले पार्ट घरी बदलताना

मामांच्या घरी माळ्यावर एक एअर रायफल पडून होती, आयएचपीची, म्हणजे इंडियन ह्यूम पाईपवाल्यांची, हो तेच पाईपवाले, वालचंद हिराचंदांची कंपनी, एके काळी ते एअरगन पण बनवायचे आणि अजून महाराष्ट्रात बऱ्याच घरांत त्या सापडतात. मी ती खाली काढली तेव्हा छर्रा मारला तर वीस फुटांवरच्या पुठ्ठ्यातून आरपार पण जाईना, नुसता चिकटून राहायचा. एका दुकानात नेली, त्यांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि "स्प्रिंग गेली" म्हणून जाड स्प्रिंग टाकून दिली. घरी आणली तर कॉक करायला, म्हणजे मारण्याआधी स्प्रिंग दाबून अडकवायला, दोन माणसं लागतील अशी अवस्था, लाथ बसल्यासारखा झटका, आणि छर्रा तरीही पुठ्ठ्यातच. चार महिन्यांनी पिस्टनचा दट्ट्याच ढिला झाला. मग मी स्वतः उघडली आणि कळलं की स्प्रिंगला मुळात काही झालेलंच नव्हतं, पुढचा चामड्याचा वॉशर सुकून पापडासारखा झाला होता, बास.

नवीन लोकांनी ही चूक करू नये म्हणून हे सगळं लिहितोय. स्प्रिंग ही शेवटची गोष्ट आहे, पहिली नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळं फक्त स्प्रिंग-पिस्टनवाल्या एअरगनबद्दल आहे, म्हणजे नळी मोडून (सांध्यावर खाली वाकवून) कॉक करायची ती. घरात आजोबांचं रिव्हॉल्वर किंवा ठासणीची असेल आणि त्याचे आतले पार्ट झिजले असतील तर त्याला हात लावू नका, काडतुसाच्या किंवा बारुदाच्या शस्त्राची दुरुस्ती लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच, त्याला शस्त्र कायद्याचे नियम वेगळे आहेत आणि चुकलं तर फुटणारी वस्तू आहे ती. एअरगनचं तसं नाही, ०.१७७ बोअरची म्हणजे ४.५ मिमीची आणि २० ज्यूलच्या आत ऊर्जा असलेली असेल तर २०१६ च्या नियमांप्रमाणे लायसन्स लागत नाही. पण हा २० चा आकडा डोक्यात ठेवा, पुढे स्प्रिंगच्या वेळी परत येणार आहे. आणि पक्षी मारायला म्हणून कोणी हे वाचत असेल तर इथंच थांबा, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, होला आणि पारवा समजून काहीतरी मारायचं आणि मग फॉरेस्टवाले दारात, नको ते.

आत नेमकं काय असतं

लहानपणी रॉकेलचा स्टोव्ह बघितलाय का, पंप मारायचा पितळी? त्या पंपाच्या दांड्याच्या टोकाला चामड्याची वाटी असायची, ती सुकली की पंप नुसता खालीवर व्हायचा आणि प्रेशर येत नव्हतं, मग आई त्यात दोन थेंब गोडंतेल सोडायची आणि लगेच चालू. सायकलच्या पंपात पण तेच. एअरगन म्हणजे हाच पंप, फक्त हाताऐवजी स्प्रिंग ढकलते आणि एकदाच ढकलते. नळी मोडली की खालची पट्टी पिस्टनला मागं ढकलते, स्प्रिंग दबते, मागं चापाच्या खोबणीत पिस्टन अडकतो. चाप ओढला की पिस्टन सुटून पुढं येतो, समोरची हवा दाबली जाते आणि एका बारीक भोकातून नळीत घुसते, छर्रा बाहेर.

म्हणजे ताकद तीन ठिकाणी गळू शकते. एक पिस्टनच्या तोंडाचा वॉशर, दुसरं नळी आणि सिलिंडर जिथं मिळतात तिथली छोटी सील, ब्रीच सील म्हणतात तिला, आणि तिसरी स्प्रिंग. लोक तिसऱ्यापासून सुरू करतात.

उघडायच्या आधी, न उघडता

ब्रीच सील तपासायची सगळ्यात सोपी पद्धत, टिश्यू पेपरची बारीक पट्टी घ्या, नळी बंद केल्यावर जोडावर वरून आडवी ठेवा आणि छर्रा भरून मारा (छर्रा भरूनच, रिकामी कधीच मारायची नाही, छऱ्याचा अडथळा नसेल तर हवेची गादी बनत नाही आणि पिस्टन सरळ लोखंडावर आपटतो). पट्टी उडाली किंवा फडफडली की सील गळतेय. दहा-वीस रुपयांचं काम आहे हे, उघडायचीच गरज नाही, जुनी ओ-रिंग (गोल रबरी कडं) सुईनं काढायची, खाचेची मापं व्हर्नियरनं घ्यायची आणि तेवढी आणायची. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ओ-रिंगांचे नुसते डोंगर आहेत, पुण्यात नाना पेठेत गाडीच्या स्पेअरवाल्यांकडे मिळून जाते, गावाकडं पंप दुरुस्तीवाल्याकडं बघा. नवीन रिंग बसवल्यावर ती ब्रीचच्या तोंडापेक्षा केसभर वर दिसली पाहिजे, आत बसली असेल तर खाली पातळ प्लास्टिकचा चकतीएवढा तुकडा कापून टाका, मी दुधाच्या पिशवीचा टाकलाय, दोन वर्षं झाली. जुन्या काही मॉडेलांत ओ-रिंगच्या जागी चामड्याची किंवा फायबरची चकती असते, ती तशीच कापून बसवा.

पट्टी हलली नाही तर पुढचं. नळी मोडून बघा, सिलिंडरच्या तोंडाला मधोमध बारीक भोक दिसेल, टॉर्च लावा. रायफल दस्त्यावर उभी करा, नळी मोडलेलीच ठेवून, आणि त्या भोकातून चामड्याच्या वॉशरला चालेल असं तेल ५-६ थेंब सोडा, रात्रभर तशीच उभी ठेवा. तेल खाली ओघळून चामड्यावर पोचतं आणि चामडं फुगतं. मी नीट्सफूट ऑइल वापरतो, चामड्याच्या सामानासाठी असतं, ऑनलाइन मिळतं. खोबरेल टाकू नका, थंडीत डिसेंबरात गोठून बसतं, एरंडेल काही दिवसांनी डिंकासारखं होतं, आणि शिलाई मशीनचं पातळ तेल तर अजिबातच नको, त्याचं कारण पुढं येईल. दुसऱ्या दिवशी पहिल्या चार-पाच छऱ्यांना थोडा धूर येईल, मोठा आवाज येईल, घाबरू नका पण चष्मा घाला. पाच-दहा छऱ्यांनंतर आवाज शांत झाला आणि जोर आला तर झालं काम, बंद करा आणि चहा प्या. मी बघितलेल्या जुन्या चामड्याच्या बंदुकांपैकी बऱ्याचशा इतक्यानंच जाग्या झाल्यात.

लक्षणांवरून पण कळतं. मारताना "खटॅक" असा लोखंडी आवाज येतो आणि जोर नाही, म्हणजे वॉशर हवा धरत नाहीये आणि पिस्टन नुसता आपटतोय. कॉक करताना मधेच करकर किंवा खडखड लागते, मधेच सैल वाटतं, म्हणजे स्प्रिंग तुटलीये, आणि यात एक गंमत आहे, तुटलेले दोन तुकडे एकमेकांत स्क्रूसारखे फिरून बसतात त्यामुळे बंदूक चालूच राहते, फक्त जोर कमी, लोकांना वर्षानुवर्षं कळत पण नाही. आणि कॉक होतच नाही, पिस्टन अडकतच नाही किंवा अडकून आपोआप सुटतो, हा प्रकार सगळ्यात धोक्याचा, चापाची खोबण झिजलीये, तिथं पुढं वेगळं बोलतो.

सामान

फार काही लागत नाही. बरोब्बर बसणारा स्क्रूड्रायव्हर, हे मात्र खरंच महत्त्वाचं, जुन्या स्क्रूच्या खाचा अरुंद असतात आणि बाजारातला टोकाला निमुळता स्क्रूड्रायव्हर घसरून खाच खातो, मग दस्त्यावर चरा पडतो आणि तो चरा आयुष्यभर दिसतो, तेव्हा स्क्रूड्रायव्हर कानशीनं घासून खाचेत फिट्ट बसेल असा करा. पिना काढायला पितळी किंवा चांगले पंच २, ३, ४ मिमीचे, लहान हातोडी, व्हाईस, व्हर्नियर, केरोसिन किंवा डिझेल धुवायला, जुन्या बनियनचे कापड, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर, एक वही आणि मोबाईल. फोटो काढत जा, प्रत्येक पावलाला. तुम्हाला वाटतं लक्षात राहील, नाही राहत, मी एकदा दोन एकसारख्या दिसणाऱ्या पिना उलट लावून अर्धा दिवस घालवलाय.

आणि स्प्रिंग दाबायचं साधन. हे टाळून चालणार नाही. बंदूक कॉक केलेली नसली तरी आत स्प्रिंग दोन-अडीच इंच आधीच दाबलेली असते, काहीत कमी काहीत जास्त, आणि मागचा ठोकळा पकडणाऱ्या पिना काढल्या की ती सहज वीस-तीस किलोच्या जोरानं बाहेर येते. पोटाला दाबून धरून काढणारे लोक मी बघितलेत, एकाच्या हनुवटीला टाके पण बघितलेत. सुताराकडचा लांब सॅश क्लॅम्प चालतो, किंवा दोन जाड फळ्या आणि दोन आट्यांचे रॉड घेऊन घरी करा, शेजारच्या वेल्डरनं मला अर्ध्या तासात केला. कोल्हापूरकडचे असाल तर उद्यमनगरात कुणालाही सांगा, तिथं फाउंड्रीपासून लेथपर्यंत सगळं एका गल्लीत आहे.

काढायला घेऊ

नळी मोडून बघा आत छर्रा नाही ना. कॉक झालेली असेल तर छर्रा भरून सुरक्षित जागी मारून मोकळी करा, कॉक केलेली बंदूक कधीच उघडायची नाही. आणि आयुष्यभराची एक सवय लावून घ्या: नळी मोडलेली असताना आणि बोट जवळ असताना दुसऱ्या हातानं नळी घट्ट धरायची. खोबण सुटली तर नळी स्वतःहून फटकन मिटते, बोट आत असेल तर गेलं, आणि रिकामी असताना कुणी मुद्दाम चाप ओढून ही गंमत केली तर नळी वाकते कायमची, मग कुठंही नेम धरा छर्रा वर जाणार.

दस्त्याचे स्क्रू बहुतेक पुढं दोन बाजूंना आणि मागं चापाच्या कडीला एक किंवा दोन. काढले की लोखंड लाकडातून वेगळं होतं. आतला धुरळा बघून घाबरू नका, मामांच्या रायफलीत झुरळाची अंडी पण होती.

मग नळीचा मोठा पिव्होट बोल्ट, ज्याच्यावर नळी फिरते तो. बऱ्याच मॉडेलांत नळी काढल्याशिवाय खालची कॉकिंग पट्टी पिस्टनच्या खाचेतून निघत नाही, आणि ती निघाल्याशिवाय पिस्टन बाहेर येत नाही, जोर लावत बसतात लोक. पिव्होटच्या दोन्ही बाजूंना पातळ वॉशर असतात, त्या कुठल्या बाजूच्या ते लिहून ठेवा, जाडी वेगळी असू शकते.

आता सिलिंडरचा मागचा भाग क्लॅम्पमध्ये घ्या, खाली लाकूड ठेवून, मागच्या ठोकळ्यावर जोर येईल असा. थोडा दाबा म्हणजे पिनांवरचा ताण जातो, मग पिना पंचानं हळू सरकवा, सरकत नसतील तर जोरात मारू नका, क्लॅम्प अजून अर्धा आटा फिरवा किंवा सोडा, कुठंतरी ताण आहे म्हणून अडकलीये. काही बंदुकांत पिना नसतात, मागचा ठोकळा आट्यांवर फिरवून बसवलेला असतो, तिथंही शेवटच्या आट्यापर्यंत क्लॅम्प लागतोच. पिना निघाल्या की क्लॅम्प एकेक आटा सोडायचा, चेहरा आणि छाती रेषेत नको, भिंतीकडं तोंड करून ठेवा बंदुकीचं, आणि दोन-तीन इंच सुटल्यावर स्प्रिंग मोकळी होते. जुन्या जर्मन डिझाईनच्या काही बंदुकांत चापाच्या ठोकळ्यात बारीक छर्ऱ्यासारखे तीन स्टीलचे बॉल असतात, तेव्हा खाली पांढरी चादर पसरा, एक बॉल कपाटाखाली गेला की संध्याकाळ गेली तुमची.

बाहेर आलेलं बघताना

स्प्रिंग काचेवर, टेबलावरच्या काचेवर, लोळवा. सरळ लोळली तर ठीक, लचकत लोळली तर वाकलीये. दोन्ही टोकं सपाट घासलेली हवीत. जुनी स्प्रिंग थोडी आखडलेली असते ते चालतं, मामांची अर्धा इंच आखडली होती आणि तरी चांगली होती.

सिलिंडर आतून केरोसिनच्या कापडानं काठीला गुंडाळून पुसा, जोपर्यंत कापड पांढरं निघत नाही तोपर्यंत, आमचं अकरावं कापड पांढरं निघालं. टॉर्चनं बघा, लांब उभे ओरखडे हलके असतील तर ६०० च्या पेपरनं फिरवून घ्या, नखाला लागतील इतके खोल असतील तर नवा वॉशर पण लवकर फाटणार, तेव्हा टर्नरकडं हॉनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं) विचारा. आणि सगळेजण विसरतात ते म्हणजे सिलिंडरच्या खालच्या लांब खाचेच्या कडा. या कडा आतून ब्लेडसारख्या असतात कारखान्यातूनच, नवा वॉशर आत ढकलताना त्याच त्याला कापतात. बारीक कानस आणि पेपरनं त्या गोल करा, दहा मिनिटं लागतात, आणि मग परत सगळं धुवा, लोखंडाचा कीस राहिला तर सगळं वाया.

स्प्रिंग गाईड, म्हणजे स्प्रिंगच्या आत मागून जाणारी दांडी किंवा नळी, ती स्प्रिंगच्या आत सैल असेल तर तिथूनच तो "टणंगऽऽ" असा आवाज येतो प्रत्येक छऱ्याला. टर्नरला नायलॉनची किंवा डेलरिनची (एक कडक प्लास्टिक) करायला सांगा, स्प्रिंग वर बसवताना हातानं थोडी पिळत बसली पाहिजे इतकी टाईट.

पिव्होटच्या पातळ वॉशर झिजल्या असतील तर नळी डावी-उजवी हलते, आणि मग तुम्ही दुर्बीण लावा नाहीतर काहीही लावा नेम लागणार नाही. त्याच जाडीच्या किंवा थोड्या जाड बसवा. बोल्ट इतका आवळायचा की मोडलेली नळी जिथं सोडाल तिथं थांबेल, आपोआप खाली पडता कामा नये.

वॉशर, हाच खरा विषय

दोन प्रकार. नवीन मॉडेलांत प्लास्टिकची, पॉलियुरेथेन किंवा तत्सम कप सील असते, ती पिस्टनच्या डोक्यावर दाबून बसते. तुमच्या मॉडेलची तयार मिळत असेल तर घ्या, दोन घ्या. बसवून पिस्टन सिलिंडरमध्ये ढकला, हाताच्या तळव्यानं जोर लावल्यावर सरकला पाहिजे, हातोडी लागली तर जाड आहे, कडेनं ६०० चा पेपर फिरवून कमी करा, स्वतःच्या वजनानं घसरला तर बाद. आणि मग पुढच्या भोकावर बोट दाबून धरून पिस्टन ढकला, पुढं हवेची गादी लागली पाहिजे, रबरी चेंडू दाबल्यासारखी. ही टेस्ट न करता बंद करू नका.

जुन्यांत चामडं. तयार मिळालं तर ठीक, नाही मिळालं तर घरी करता येतं आणि खरं सांगू का, मजा येते. मी कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका कारागिराकडून तुकडा आणला, त्यांचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं, असलं वनस्पतीनं कमावलेलं चामडं पाण्यात भिजलं की मऊ होतं आणि साच्यात घातलेला आकार वाळल्यावर धरून ठेवतं. बॅगेचं मऊ क्रोम चामडं यासाठी उपयोगाचं नाही, ते आकारच धरत नाही. जाडी ३-४ मिमी घ्या. टर्नरकडून एक साचा करून घ्या, पोलादी किंवा पितळी रिंग, आतलं माप तुमच्या सिलिंडरएवढं, आणि मधे घुसणारा एक दट्ट्या, रिंगच्या मापापेक्षा चामड्याच्या दोन जाड्या वजा करून. चकती कोमट पाण्यात तासभर भिजवा, रिंगवर ठेवा, दट्ट्या व्हाईसमध्ये हळूहळू दाबा, वाटी तयार होते. दोन दिवस सावलीत तशीच दाबून ठेवा, उन्हात ठेवली तर आखडते आणि चिरते, मी पहिली गच्चीवर ठेवली होती, फुकट गेली. मग कड ब्लेडनं सरळ कापा, मधे स्क्रूचं भोक पाडा, आणि तेलात रात्रभर, शक्य असेल तर दोन रात्री बुडवून ठेवा. बाहेर काढून निथळू द्या, दाबून पुसा, तेल ठिबकत असताना बसवू नका.

बसवताना वाटीचं तोंड पुढं, हवेच्या बाजूला. स्टोव्हच्या पंपात जसं, हवा दाबली की वाटीच्या कडा फाकतात आणि भिंतीला घट्ट चिकटतात. उलटी बसवली तर हवा कडेनं निघून जाणार. मधला स्क्रू चांगला आवळा आणि लॉकटाईट (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) लावा, हा स्क्रू सुटला तर आत सगळ्याचा चुरा करतो, दुकानातून आणल्यावर माझ्या बंदुकीचा दट्ट्या ढिला झाला तो यामुळेच.

आता ती स्प्रिंग

बदलायचीच असेल तर जुनीची मापं घ्या, बाहेरचा व्यास, वायरची जाडी आणि वेढे मोजा, तेवढीच मागा. दुकानदार म्हणेल "साहेब थोडी जाड देतो, पॉवर येईल". वायरच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताचा असतो, म्हणजे ३ मिमीच्या जागी ३.२ घेतली की स्प्रिंग जवळपास ३० टक्के कडक होते, दिसायला फरक काहीच नाही. झटका वाढतो, खोबणीवर ताण वाढतो, वॉशर आपटतो, नेम जातो, आणि २० ज्यूलची कायद्याची रेघ ओलांडली तर बंदूक लायसन्सवाल्या गटात गेली. अंदाज हवा असेल तर अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा छर्रा सेकंदाला साधारण २८० मीटरनं सुटला की २० ज्यूल होतात. क्लबमध्ये कुणाकडं क्रोनोग्राफ (छऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) असेल तर एकदा मोजून घ्या.

लांबी वाढवताना अजून एक हिशेब असतो. वेढे गुणिले वायरची जाडी, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबल्यावर किती उरते ते माप, ३३ वेढे आणि ३ मिमी वायर तर ९९ मिमी. पिस्टन पूर्ण मागं गेल्यावर आत स्प्रिंगसाठी जागा त्याहून जास्त असलीच पाहिजे, ५ मिमी तरी. नसेल तर वेढे एकमेकांना भिडतात, पिस्टन खोबणीपर्यंत पोचतच नाही आणि तुम्ही जोर लावून पट्टी वाकवता.

ग्रीस. स्प्रिंगला आणि पिस्टनच्या अंगाला मोली ग्रीस, काळी, गाडीच्या सीव्ही जॉइंटला वापरतात ती चालते, पण भाकरीवर तूप लावतो तशी नाही, बोटानं पुसून टाकल्यासारखी पातळ. आणि वॉशरच्या पुढं काहीच नाही. हवा इतक्या वेगानं दाबली जाते की तापमान प्रचंड वाढतं, आणि तिथं पातळ पेट्रोलियम तेल असलं की ते डिझेल इंजिनसारखं पेटतं, काडतुसाची बंदूक उडाल्याएवढा आवाज, धूर, आणि लोकांना वाटतं वा काय पॉवर आली. सील फाटते, स्प्रिंग तुटते. म्हणून शिलाई मशीनचं तेल नको म्हटलं होतं. चामड्याला लागेल तेवढं तेल ठीक, त्याचा थोडा धूर सुरुवातीला येणारच.

चाप

चापाच्या खोबणीला घासू नका. "ट्रिगर हलका करतो" म्हणून ऑइल स्टोन घेऊन बसणारे सगळे हुशार लोक एक दिवस बोट दाबून घेतात. खोबणीच्या धारा मोठ्या भिंगातून बघा, गोल झाल्या असतील, चकचकीत उतार दिसत असेल तर पार्ट बदलायचा, आणि पार्ट मिळत नसेल तर बंदूक भिंतीवर टांगायची. पिस्टनच्या दांड्यावरची खाच पण तशीच. कठीण केलेला पृष्ठभाग असतो तो, वरचा थर गेला की खालचं लोखंड मऊ, आठवड्यात परत झिजतं. घरी तापवून पाण्यात बुडवून कडक करायचा प्रयोग पण नको, ठिसूळ होऊन तुकडा उडतो.

परत बंद करून

उलट्या क्रमानं सगळं, फोटो बघत. पिस्टन आत घालताना वॉशर खाचेजवळून जातो तेव्हा बोटानं कड आत दाबत जा, प्लास्टिकचा पातळ तुकडा मधे धरला तर अजून सोपं. क्लॅम्पनं दाबा, पिना घाला, पिना दोन्ही बाजूंना सारख्या बसल्या का बघा.

दस्ता लावायच्या आधी एकदा कॉक करून बघा, नळी हातात घट्ट, "खट" असा एकच स्वच्छ आवाज आला पाहिजे. छर्रा भरून, सुरक्षित जागी मारून, असं दोनदा बघा की पिस्टन अडकतो ना. मग दस्ता लावा, स्क्रूला निळी लॉकटाईट, नाहीतर शंभर छऱ्यांत सैल होतात. छर्रा भरा, तोंड मातीच्या ढिगाकडं किंवा जाड फळीकडं, आणि कॉक केलेल्या अवस्थेत दस्त्याचा तळ मागं भिंतीला लावलेल्या सतरंजीवर आपटा, हलका मग थोडा जोरात. सुटली तर बंदूक परत उघडायची, वापरायची नाही. मी दहा वेळा आपटतो, शेजारच्या काकू विचारतात काय कांडताय.

पहिले ५०-६० छर्रे वर-खाली जातील, वॉशर भिंतीशी जुळवून घेतोय, धूर पण असेल थोडा. तेवढ्यात नेम-बिम बघू नका, जुळणी-दुरुस्ती पण करू नका. नंतर १० मीटरवर कागद लावा आणि बसून, दस्ता मऊ पिशवीवर टेकवून, पाच-पाचचे गट मारा. एअरगन घट्ट आवळून धरायची नसते, झटका पुढं-मागं दोन्हीकडं असतो म्हणून हात सैल, मोकळी सोडल्यासारखी. मामांच्या रायफलीचा गट आता एक रुपयाच्या नाण्यात बसतो, ऑलिम्पिकच्या १० मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो हे माहीत असूनसुद्धा मला तो गट भारी वाटला.

२०२४ ला स्वप्नील कुसाळेला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळालं तेव्हा आमच्याकडं कितीतरी जणांनी माळ्यावरच्या बंदुका खाली काढल्या, त्याचा प्रकार पॉइंट टू टू रायफलचा, ५० मीटरचा, एअरगनचा नाही हे सांगायला गेलो तर कोण ऐकणार. त्यातल्या तीन माझ्याकडं आल्या. दोनांत फक्त तेल सोडलं. तिसरीत स्प्रिंगचे तीन तुकडे निघाले, आणि मालक म्हणाला आजपर्यंत तर बरी चालायची.